खालची ओळ

४ मार्च, सोमवार

पिल्ला,

सगळ्यात आधी टपकली ती रेडिओबाई. हो, समोरचीच. हे नाव तूच ठेवलंस तिला, आता तिचा नवराही तेच म्हणतो. दुकानाचं शटर अजून अर्धंच वर होतं. त्याच्याखालून वाकून आत आली आणि म्हणाली, "काकू, तुमच्याकडे सरकार येतंय. कोपऱ्यावर पत्ता विचारतंय."

तुझा बाबा पँट कापत होता. सरकार येवो नाहीतर भूकंप, कात्री एकदा कापडात शिरली की तो मान वर करत नाही. मी मात्र हातातलं काज अर्धं सोडून केस सारखे केले.

सरकार म्हणजे दोन माणसं निघाली. एक उंच मॅडम, आणि एक शिक्केवाला. त्याच्या हातात शिक्क्यांचा डबा आणि बोटं निळीशार. मॅडमनी विचारलं, "इथे जे शहात्तर वर्षांचे आजोबा राहतात, त्यांना जरा बोलवता?"

मी म्हटलं, "आजोबा जाऊन चार वर्षं झाली."

"ते नव्हेत. शहात्तर वर्षांचे."

"शहात्तरची इथे मीच आहे बाई."

मॅडमनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला जुळी बहीण होती?"

"भाऊ होता. आठ दिवसांचा असताना गेला."

"नाही आजी. गेली ती बहीण. भाऊ जिवंत आहे."

आता तू हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसले. तो नवा कायदा आलाय ना, ज्याच्यावरून जिकडेतिकडे भांडणं चालली आहेत, बाई कोणाला म्हणायचं आणि पुरुष कोणाला ते ठरवणारा. त्यात म्हटलंय की जन्माच्या वेळी वहीत पहिल्यांदा जे लिहिलं तेच कायमचं. मग सरकारनं जुन्या वह्या काढल्या आणि ओळखपत्रांशी जुळवून बघायला घेतल्या. जुळलं नाही की नाव यादीत. आपल्या भागातून तिघं निघाले, त्यात मी पहिली. दुसरीत शाळा सुटली माझी, आयुष्यात कधी कुठल्या यादीत पहिली आले नव्हते.

मॅडमनी त्या पानाचा फोटो दाखवला. दोन ओळी. वरच्या ओळीत मुलगा, खालच्या ओळीत मुलगी, आणि खालच्या ओळीवर आडवी रेघ. बघितल्याबरोबर माझ्या लक्षात आलं काय झालं ते. मी भावापेक्षा पाव तास मोठी. म्हणून माझ्या वडिलांना वाटलं, वरची ओळ माझी, खालची त्याची. तो गेल्यावर ते बिचारे रडत ऑफिसात गेले आणि म्हणाले, खालची ओळ खोडा. पण त्या कारकुनाची रीत अशी की मुलगा आधी जन्मो नाहीतर नंतर, लिहायचा वरतीच. वडिलांना वाचता येत नव्हतं. खोडून आले मला.

म्हणजे शहात्तर वर्षं मी भावाच्या ओळीवर जगतेय. शिक्केवाला म्हणाला, "नियमानं बघितलं तर तुम्ही एक तर पुरुष आहात, नाही तर मयत आहात."

मी म्हटलं, "मेल्यापेक्षा पुरुष बरा." यावर तुझ्या आईनं माझ्याकडे असं बघितलं की चहाचं दूध फाटलं असतं.

मग माझ्या डोक्यात आलं, मी पुरुष तर तुझ्या आजोबांनी पन्नास वर्षं पुरुषाशी संसार केला, आणि त्यांना पत्ताच नाही. तसं त्यांचं घरात लक्ष असायचंच कुठे. आणि मी पुरुष असून दोन बाळंतपणं केली म्हणजे सरकारनं माझा सत्कार करायला पाहिजे.

असो. आता कामाचं. ही चूक दुरुस्त करायला एक फॉर्म आहे, नमुना नऊ. त्याच्यावर दोन सह्या लागतात. वर मुलाच्या पिढीतली, खाली नातवंडाच्या पिढीतली. मुलगा आहे, शटरच्या आत उभा आहे. तुझी आत्या मूल न होताच गेली, तेव्हा नातवंड एकच. दुसरा काही मार्गच नाही, असं मॅडम म्हणाल्या.

तेव्हा तुला यावं लागेल. माझ्यासाठी नाही, सरकारसाठी.

तुझी आजी
(की आजोबा, ते ठरायचंय)


१२ मार्च, मंगळवार

पिल्ला,

माझं पहिलं पत्र परत आलं. पाकिटावर तिरप्या अक्षरात लिहिलेलं, या नावाचं कोणी इथे राहत नाही. अक्षर तुझं. ओळखते मी, तुझा 'ह' पहिल्यापासून पोट सुटल्यासारखा.

मी ते पाकीट दोन दिवस शिवणयंत्रावर ठेवलं. मग नवं पाकीट आणलं. त्यावर तुझं नवं नाव लिहायला गेले तर हात जुन्याच रस्त्यानं गेला. ते फाडलं. दुसऱ्यावर बरोबर लिहिलं पण शाई सांडली. तिसरं हे. नावात दोन जोडाक्षरं आहेत बाई, सोपं तरी ठेवायचंस आजीसाठी. आत मात्र मी पिल्लूच म्हणणार. जुनं पत्रही सोबत घातलंय, ते आधी वाच.

पत्ता कसा मिळाला ते विचारू नकोस. तुझ्या आईच्या उशीखाली मिळाला. उशीचा अभ्रा शिवायला काढला होता मी. बरं, तो उसवलेला नव्हता. उसवला मी.

आता पोहण्याच्या तलावाची गंमत ऐक. माझे गुडघे तुला माहीत आहेत. दर मंगळवारी दहा ते अकरा, बायकांच्या वेळेत, मी पाण्यात उभी राहते, पोहत नाही, नुसती उभी राहते आणि इतर बायकांच्या सुनांबद्दल ऐकते. दाराशी तुझी आई, शिट्टी गळ्यात. आज गेले तर ती हात आडवा करून उभी.

"आई, तुमचं नाव यादीत आहे. दुरुस्ती होईपर्यंत आत सोडता येत नाही."

मला वाटलं थट्टा करतेय. तुझी आई आणि थट्टा!

मी म्हटलं, "अगं, तुझ्या नवऱ्याला मी जन्म दिलाय."

"मला माहीत आहे. पण दाराला माहीत नाही."

मागे सात-आठ बायका टॉवेल घेऊन उभ्या. एक म्हणाली, जाऊ द्या ना. दुसरी म्हणाली, आजीला अडवणार असाल तर मीही नाही जात. आणि तुझी आई लालबुंद, पण हात काही खाली येईना. घरी आल्यावर मी फुगून बसले तेव्हा म्हणाली, "तुम्ही हसता आई, पण दाराशी मी उभी असते. मागच्या वर्षी तो मागच्या खिडकीतून डोकावणारा माणूस सापडला, विसरलात? बायका माझ्या भरवशावर ओले केस पुसत बसतात. त्यातल्या दोघी तर घरचा मार खाऊन येतात, पुरुषाचा आवाज आला तरी दचकतात. मला कुठेतरी रेघ हवीच ना? नाहीतर मी रोज कोणाचं तोंड बघून ठरवू?"

तिचं खोटं नाही गं. तिला मी सासू झाल्यापासून ओळखते, ती कारणाशिवाय शिट्टी वाजवत नाही. तिनं दुपारी हेही सांगितलं की कायदा झाला तेव्हा तिनंच तलावातर्फे पाठिंब्याच्या पत्रावर सही केली होती. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, तुझ्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

मग मला तो दिवस आठवला. चौदा महिने झाले. तू कागद घेऊन आली होतीस. वहीत तू मुलगा, आणि तू म्हणालीस, मी मुलगी आहे, पहिल्यापासून आहे, वही बदलून हवी. बाबा खडू घेऊन कापडावर रेघा मारत राहिला. आई रडली. बोलले ते मीच. काय बोलले ते तुला पाठ असेल, मलाही आहे. वहीत लिहिलंय तेच खरं, असं म्हणाले. चष्मा लावून म्हणाले, जशी काही ती वही मी वाचली होती.

वहीत मी मयत आहे, पिल्ला.

पुढचं नंतर. गुडघा दुखतोय.

आजी


२० मार्च, बुधवार

पिल्ला,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पोहोचलं. उत्तरही आलं नाही, पण मी घाई करत नाही. पोस्टमन दिसला की फक्त दारात जाते. तो आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

काल मी तलावावर परत गेले. पुरुषांच्या वेळेत. नियम म्हणजे नियम ना? पुरुष आहे तर पुरुषांत जाते. तुझ्या आईनं खूप विनवलं, "आई, माझी शोभा करू नका." मी म्हटलं, "दाराला विचार." दारानं सोडलं.

आत पाच निवृत्त म्हातारे. एक औषधाच्या दुकानवाला, एक तुझा गणिताचा मास्तर, बाकीचे कोणीतरी. मी पायऱ्या उतरले, गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले आणि म्हटलं, "नमस्कार, मी नवीन." मास्तर पाण्याखाली गेले ते किती तरी वेळ वर येईनात. तुझी आई शिट्टी वाजवणार होती. वर आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुम्ही इकडे?" मी म्हटलं, "वहिनी नका म्हणू, भाऊ म्हणा." औषधवाला तोंड भिंतीकडे करून कडेकडेनं बाहेर निघाला. पाच मिनिटांत अख्खा तलाव माझा. एवढं मोकळं पाणी मला कधी मिळालं नव्हतं. एक हात मारून बघितला, बुडाले नाही.

तेवढी पाच मिनिटं मजा आली. मग थंडी वाजायला लागली आणि एकटं वाटलं. बायकांच्या वेळेत मला मज्जाव, पुरुष मला बघून पळाले. मला तर घरी सून आहे, मुलगा आहे, सगळी गल्ली हसायला आहे. तू तिथे कोणत्या वेळेला जातेस गं? जातेस तरी का?

संध्याकाळी, तलाव बंद झाल्यावर, तुझी आई चावी घेऊन आली. म्हणाली, "चला, गुडघे आखडलेत ना." मी म्हटलं, "आणि नियम?" म्हणाली, "त्याची ड्युटी सहाला संपली." पायऱ्यांवर बसून राहिली, मी पाण्यात. मग म्हणाली, "वेळा दोनच आहेत याचं मला कधी काही वाटलं नव्हतं." आणि टॉवेल पुढे केला. 

आता बाबाचं. मला न सांगता तो ऑफिसात गेला होता. रांगेत दोन तास. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "तुमची आई बाई आहे, याला पुरावा काय?"

तुझा बाबा म्हणाला, "मी."

तो माणूस म्हणाला, "तुम्ही दस्तऐवज नाही."

एवढंच झालं. पण घरी आला आणि  गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय डावे कापले. तीस वर्षांत पहिल्यांदा. मग कापडाकडे बघत म्हणाला, "आई, रेघ मारल्याशिवाय मलाही कापता येत नाही. पण मी आत दोन बोटं माया ठेवतो, जास्तीचं कापड. माणूस जाड होतो, बारीक होतो. उसवून परत शिवता आलं पाहिजे. त्या टेबलावरच्या माणसानं कापड रेघेलाच कापलंय."

एवढं लांब वाक्य तो लग्नातही बोलला नव्हता. मी गुपचूप काज करत बसले, न जाणो, थांबायचा.

मॅडम शुक्रवारी येणार आहेत. फॉर्म भरायचाय. खालची सही नसली तर मी अशीच मयत राहणार. विचार कर.

आजी


२५ मार्च, सोमवार

पिल्ला,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं लांबूनच हलवून दाखवलं, मी चपला न घालता रस्त्यावर. तीन ओळी. चौदा महिन्यांनी तीन ओळी, त्याही अशा.

"आजी, नमुना नऊ मला पाठ आहे. नातवंडाची सही नसेल तर डॉक्टरांचा दाखला चालतो. कलम चार, खालची टीप."

पकडलंस.

बरं, सांगते. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं दाखल्याचं. ऐंशी ओलांडलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी दिला, दोन मिनिटांत. माझ्याकडे बघितलं, "दोन बाळंतपणं मीच केलीत तुमची" म्हणाल्या, आणि लिहून दिलं. तो दाखला बटणांच्या डब्यात आहे, खाली, कोटाच्या मोठ्या बटणांच्या खाली. मॅडमना मी सांगितलं की हरवला. तलावावर मला दुसऱ्याच दिवशी जाता आलं असतं. तुझ्या आईला अजून माहीत नाही. तिला कळलं तर ती घरात शिट्टी वाजवेल.

मी खोटं बोलले. मला तू हवी होतीस, आणि नुसतं "ये" म्हणायला तोंड नव्हतं. त्या तोंडानं काय बोलले होते ते आधीच्या पत्रात लिहिलंच आहे. मग सरकारला मध्ये घातलं.

आणि एक तुझंही कळलं मला. मॅडमना मी विचारलं, माझ्या नातवंडानं हाच फॉर्म भरला होता, त्याचं काय झालं? म्हणाल्या, नामंजूर. चूक कारकुनाची असेल तरच दुरुस्ती. मी म्हटलं, आणि चूक कारकुनाची नसेल तर? मॅडमनी फॉर्म उलटसुलट केला. म्हणाल्या, "आजी, त्याला यात रकाना नाही." वाईट नाही ती बाई. म्हणाली, कायद्याला कुठेतरी थांबावं लागतं, आणि मी तिथे पोहोचते तेव्हा तो आधीच थांबलेला असतो. माझी ओळ दोन सह्यांत बाईची होईल आणि तुझी होणार नाही, हे मला नीट समजलंय. सहीनं तुला काही मिळणार नाही. मिळेल ते मला.

आता शुक्रवारचं ऐक, त्यासाठीच हे पत्र.

मॅडम आणि शिक्केवाला आले. रेडिओबाई आधीच येऊन खुर्ची अडवून बसलेली, ब्लाऊज अल्टर करायचं निमित्त. बाबाचं अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म त्यानं भरायला घेतला. वरच्या ओळीवर स्वतःचं नाव, नातं: मुलगा, सही. मग खालची ओळ. तिथे तुझं नाव लिहायचं. तो थांबला. पेन टेकवून इतका वेळ थांबला की कागदावर ठिपका पडला. मग मला म्हणाला, "आई, जोडाक्षर कसं आहे ते पाकिटावर लिहून दाखव."

त्याला माहीत होतं गं! मी टाकलेलं, शाई सांडलेलं पाकीट त्यानं कचऱ्यात बघितलं होतं.

मी लिहून दिलं. त्यानं उतरवलं. पुढे रकाना, अर्जदाराशी नातं. त्यात लिहिलं: नात.

शिक्केवाला पुढे वाकला. "अहो, रेकॉर्डला नातू आहे."

तुझा बाबा पेनाचं टोपण लावत म्हणाला, "रेकॉर्डला माझी आई माझा बाप आहे. मग?"

रेडिओबाई खुर्चीवरून पडायची राहिली. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की रडत, मला दोन्ही आवाज आले. मग मॅडमनी फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला, परत काढला, परत वाचला, आणि मला परत दिला. म्हणाल्या, असा भरलेला फॉर्म वरती चालेल की नाही सांगता येत नाही, मी विचारून येते, पण ही व्यक्ती समोर असली पाहिजे. मी विचारलं, सही कोणत्या नावानं? म्हणाल्या, "आजी, तीस वर्षं नोकरी झाली, मला अजून एकाही माणसाची सही वाचता आलेली नाही."

शिक्केवाला म्हणाला, दाखला सापडला तर आजच मिटवू या. मी म्हटलं, डबा मोठा आहे, शोधतेय.

तर हे असं. बाबा स्वतः पत्र लिहिणार नाही, त्याची वाट बघू नकोस. पण काल त्यानं बायकांच्या मापांची वही काढली, नवं पान उघडलं, वर तारीख टाकली, नाव टाकलं आणि माप टाकायची जागा मोकळी ठेवली. मी विचारलं, कोणाचं? म्हणाला, "येईल तेव्हा घेऊ. अंदाजानं नको."

फॉर्म माझ्याकडे आहे, शिवणयंत्राच्या खणात. एकदा माझ्या वडिलांनी न वाचता खालची ओळ खोडली, आणि एकदा मी. आता ती मोकळी ठेवलीय. कोणी पेन घेऊन जवळ आलं तर मी सुई घेऊन बसलेय.

तुझं नाव आता जमतं मला. झाडांना पाणी घालताना म्हणून बघते. रेडिओबाईनं ऐकलं, म्हणजे आता गल्लीलाही जमेल.

ये गं. सही करायची नसेल तर करू नकोस, मी काढीन दाखला डब्यातून. नुसती ये.

ते दोघं गुरुवारी येतो म्हणालेत. अठ्ठावीस तारीख, सकाळी अकरा.

आजी